शंभरातलं एक मेंढरू

२००१ सालचा नोव्हेंबर. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम नुकताच झाला होता, घरी चकल्यांचा डबा अजून संपायचा होता, आणि ऑफिसात माझ्या टेबलावर एक कागद येऊन पडला होता. कागदावर माझ्या टीममधली चौदा नावं. डॉट-कॉमचा फुगा फुटून दीड वर्ष उलटलं होतं, कंपनीची तब्येत बरी नव्हती, आणि शुक्रवारपर्यंत यातली पाच नावं कमी करून द्या, असं मला सांगण्यात आलं होतं. मी पडलो इंजिनिअर. एक तक्ता केला, प्रत्येकाला गुण दिले, खालची पाच नावं उचलली आणि कागद वर पाठवून दिला. त्या पाचांत एक मुलगा एच-वन व्हिसावर होता. पुण्याचाच. नोकरी गेली म्हणजे बाडबिस्तरा गुंडाळायचा, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. शुक्रवारी एचआरच्या बाईंनी त्याला आत बोलावलं, तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या मजल्यावरच्या एका मीटिंगला जाऊन बसलो होतो.

दोन महिन्यांनी कंपनीने आम्हा उरलेल्या मॅनेजर मंडळींना लीडरशिपच्या वर्कशॉपला पाठवलं. पगाराला पैसे नव्हते, वर्कशॉपला होते, असो. तिथे प्रत्येकाने आपल्या आवडत्या नेत्याचं नाव सांगायचं होतं. लिंकन झाला, चर्चिल झाला, मी अर्थातच शिवाजी महाराजांचं नाव सांगितलं. माझ्या शेजारी बसलेल्या, रिटायरमेंटला आलेल्या एका बाईंनी येशूचं नाव घेतलं. ट्रेनरने लगेच फळ्यावर ‘सर्व्हंट लीडरशिप’ असे दोन शब्द लिहिले, त्याखाली पाच मुद्दे लिहिले आणि पुढच्या नावाकडे वळला.

मला मात्र ते नाव चिकटून राहिलं. इतकी वर्षं या देशात काढली, दर डिसेंबरात शेजाऱ्यांच्या अंगणात गव्हाणीतलं बाळ पाहिलं, मुलांच्या हट्टापायी ख्रिसमस ट्रीही आणला. पण त्या बाळाने मोठं झाल्यावर नेमकं काय केलं, हे मला धड सांगता आलं नसतं. आमच्या घरात देव्हारा आहे, गणपती बसतो, आषाढीला साबुदाण्याची खिचडी होते. धर्म बदलायचा प्रश्नच नव्हता. पण चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चार चरित्रं, वाचायला काय हरकत आहे? मत्तय, मार्क, लूक आणि योहान. चारही मिळून एखाद्या मध्यम कादंबरीएवढी होतात. ती मी वाचली, आणि ट्रेनरच्या पाच मुद्द्यांत काय आलं आणि काय निसटलं, हे हळूहळू लक्षात येत गेलं. तेच आज सांगायचं आहे.

मॅनेजमेंटवाल्यांचा येशू

येशूकडे मॅनेजर म्हणून बघायची कल्पना तशी जुनी आहे. ब्रूस बार्टन नावाच्या अमेरिकन जाहिरात-व्यावसायिकाने १९२५ साली ‘द मॅन नोबडी नोज’ हे पुस्तक लिहिलं. तळागाळातली बारा माणसं निवडून जगभर पसरलेली संघटना उभी करणारा पहिला मोठा एक्झिक्युटिव्ह, असं येशूचं चित्र त्याने रंगवलं. पुस्तक धडाक्यात खपलं. १९९५ साली लॉरी बेथ जोन्स यांचं ‘जीझस, सीईओ’ आलं. या दोघांच्या मध्ये, १९७० साली, रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी ‘द सर्व्हंट अ‍ॅज लीडर’ हा निबंध लिहिला. एटी अँड टी कंपनीत उभी हयात घालवून ते निवृत्त झाले होते. नेता आधी सेवक असतो, हा त्यांचा मुद्दा. त्यांना तो सुचला हर्मान हेस या जर्मन लेखकाच्या एका कथेवरून, पण वाचणाऱ्या अनेकांना येशूच आठवला.

‘मिशन’ हा शब्दही बघा. आज प्रत्येक कंपनीच्या लॉबीत काचेच्या फ्रेममध्ये मिशन स्टेटमेंट लटकलेलं असतं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाठवणं. आपल्याकडे ‘प्रेषित’ शब्दात तो अर्थ जसाच्या तसा आहे: पाठवलेला. येशूची धारणा अशी होती की त्याला पित्याने, म्हणजे देवाने, पाठवलं आहे. कशासाठी, तेवढाच प्रश्न.

गालीलचा सुतार

येशूचा जन्म इसवी सनापूर्वी ६ ते ४ या काळातला. ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व, हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण ही कालगणना मांडली गेली सहाव्या शतकात, आणि त्या हिशेबात थोडी चूक राहून गेली. तो वाढला गालील प्रांतातल्या नासरेथ या आडगावात. घरचा धंदा सुतारकामाचा. मूळ ग्रीक शब्दात घरबांधणीचं कामही येतं. गावापासून सहाएक किलोमीटरवर सेप्फोरिस नावाचं शहर त्याच काळात नव्याने बांधलं जात होतं. राजा हेरोद अंतिपा याची ती हौस. रोमच्या मर्जीने हा राजा गालीलवर बसलेला, तर दक्षिणेला यहूदियात थेट रोमन अधिकाऱ्याचा अंमल. शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या मानेवर कर बसलेले. कर वसूल करणारे जकातदार आपल्याच लोकांतले, म्हणून त्यांचा तिटकारा जास्त. रोमनांना हाकलून देणारा कुणी मसीहा येईल, म्हणून लोक डोळे लावून बसलेले.

येशू स्वतः यहुदी, त्याची आई मरीया यहुदी, त्याचे पहिले सगळे शिष्य यहुदी. वयाच्या तिशीपर्यंत त्याने काय केलं, याबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ काहीच सांगत नाहीत. बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या मंदिरात पंडितांशी बोलत बसला आणि आईबाप शोधत फिरले, एवढी एकच आठवण. तिशीपर्यंत सुतारकाम आणि त्यानंतर जेमतेम एक ते तीन वर्षांचं सार्वजनिक आयुष्य. आपल्याकडे एवढा तर एखाद्या प्रोजेक्टचा पहिला टप्पा असतो.

तीन ऑफर्स

साधारण इ.स. २८-२९ च्या सुमारास यार्देन नदीकाठी योहान नावाचा एक विरक्त माणूस लोकांना पश्चात्तापाचं स्नान घालत होता. येशूही त्या रांगेत उभा राहिला. स्नान झाल्यावर तो लोकांत गेला नाही. एकटाच रानात गेला आणि चाळीस दिवस उपाशी राहिला. तिथे सैतानाने त्याच्यापुढे तीन प्रस्ताव ठेवले, अशी कथा आहे. दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या टोकावरून उडी मार, देवदूत झेलतील. आणि तिसरा: मला एकदा नमस्कार कर, जगातली सगळी राज्यं तुझी.

कथा शब्दशः घ्यायची की मनातल्या झगड्याचं रूपक म्हणून, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात तीन जॉब ऑफर्स दिसतात, आणि तिन्ही चांगल्या! भुकेल्यांना भाकरी देणं वाईट आहे का? चमत्कार दाखवून लोकांचा विश्वास मिळवणं, सत्ता हाती घेऊन न्याय करणं, यात गैर काय? पण तिन्ही वाटांनी माणसं मिळतात ती विकत घेऊन, दिपवून किंवा दाबून. येशूने तिन्ही नाकारल्या. काय करायचं, हे ठरवण्याआधी त्याने काय करायचं नाही हे ठरवलं. ही निवड त्याला पुढे पुन्हा पुन्हा करावी लागली.

रानातून आल्यावर आपल्या गावच्या सभास्थानात त्याने यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला उतारा वाचायला घेतला. गरिबांना चांगली बातमी, कैद्यांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, दडपलेल्यांना मोकळीक, असा त्याचा आशय. वाचून झाल्यावर तो खाली बसला आणि हे आज तुमच्यादेखत सुरू होत आहे, असं त्याने सांगितलं. मिशन स्टेटमेंटच म्हणा. लोक आधी खूश झाले. पण हे वरदान परक्यांसाठीही आहे असं तो बोलू लागला, तेव्हा त्याच गावकऱ्यांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेलं. तिथून निसटून तो कफर्णहूमला गेला आणि पुन्हा नासरेथला घर करून राहिला नाही.

बारा जणांची टीम

कफर्णहूम हे गालीलच्या सरोवराकाठचं कोळ्यांचं गाव. समुद्र म्हणतात, पण आहे ते गोड्या पाण्याचं तळं, लांबी सुमारे २१ किलोमीटर. १९८६ साली दुष्काळाने पाणी ओसरलं, तेव्हा तळ्याच्या गाळात त्याच काळातली एक लाकडी होडी सापडली. आठेक मीटर लांबीची. निरनिराळ्या जातीच्या लाकडांचे तुकडे जोडून, पुन्हा पुन्हा डागडुजी केलेली. तिचे फोटो पाहिले की येशूने कुठल्या माणसांना हाक मारली, ते कळतं. पेत्र आणि आंद्रिया हे भाऊ, याकोब आणि योहान हे दुसरे भाऊ. चौघेही जाळी टाकणारे. पंडित कुणी नाही, पुजारी कुणी नाही.

आपण टीम निवडताना रेझ्युमे बघतो, शिवाय यांचं एकमेकांशी जमेल ना, हेही बघतो. येशूने मत्तय नावाच्या जकातदाराला नाक्यावरून उठवून बरोबर घेतलं. आणि त्याच बारा जणांत शिमोन जिलोत, म्हणजे रोमची चाकरी करणाऱ्यांवर ज्यांचा राग त्या कडव्यांपैकी, असं ज्याच्या नावावरूनच वाटतं, त्यालाही घेतलं. एका ताटात जेवणार कशी ही माणसं? पण जेवली. बरोबर बायकाही होत्या. मग्दालिया मरीया, सुसान्ना, आणि योहान्ना; ही तर हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको. या बायका पदरचा पैसा खर्चून सगळ्यांचं चालवत होत्या, असं लूकने स्पष्ट नोंदवलं आहे. राजाच्या कारभाऱ्याच्या घरचा पैसा अशा कामाला लागावा, यात गंमत आहे.

टीम तयार होण्याआधीच त्याने तिला कामाला लावलं. दोघादोघांच्या जोड्या करून गावोगाव पाठवलं. बरोबर झोळी नाही, पैसा नाही, भाकरी नाही. जे घर आत घेईल तिथे राहायचं, न घेईल तिथून पुढे निघायचं. आज आपण याला डेलिगेशन म्हणतो. मात्र डेलिगेट करताना बजेट देतो. त्याने बजेटही दिलं नाही, कारण रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाला समोरच्यावर विसंबावंच लागतं. देणाऱ्याचा ताठा राहत नाही.

कफर्णहूमचीच एक सकाळ मला फार आवडते. आदल्या संध्याकाळी सगळा गाव दारात लोटला होता, आजारी माणसं बरी झाली होती. पहाटे अंधारात येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य धापा टाकत शोधत आले: सगळे तुम्हाला विचारताहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर मार्केट तयार, गिऱ्हाईक दारात. येशूने सांगितलं, चला आता शेजारच्या गावांत, मी त्यासाठीच निघालो आहे. आणि निघाला. पुढे पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक त्याला बळजबरीने राजा करायला निघाले, तेव्हाही तो एकटाच डोंगरावर निघून गेला. रानात नाकारलेली ऑफर पुन्हा दारात आली होती. त्यानंतर तो जे बोलू लागला ते लोकांना जड वाटलं आणि पुष्कळ अनुयायी सोडून गेले. त्याने कुणाला थांबवलं नाही. बारा जणांना मात्र, तुम्हालाही जायचं आहे का, असं सरळ विचारलं.

पंगत

देवाचं राज्य, हा त्याच्या बोलण्यातला मुख्य शब्द. रोमच्या टाचेखालच्या लोकांना ‘राज्य’ म्हटलं की तलवार आठवायची. येशू मात्र ते राज्य समजावताना पेरणी, खमीर, हरवलेलं नाणं, मोहरीचा दाणा अशा गोष्टी सांगायचा. आणि दाखवायचा तो पंगतीत. तो कुणाबरोबर जेवतो यावर सगळ्यात जास्त टीका झाली. जकातदार, बदनाम बायका, शिवाशिव मानणाऱ्यांनी दूर ठेवलेले रोगी. कुणाच्या पंगतीला कोण बसतं यावरून केवढं रामायण होऊ शकतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. यरीहो शहरात जक्कय नावाचा मुख्य जकातदार होता. बुटका, म्हणून गर्दीत दिसेना. तो झाडावर चढून बसला. येशूने वर बघून त्याला खाली बोलावलं आणि आज तुझ्या घरी मुक्काम, असं कळवून टाकलं. उपदेश नाही, अट नाही. जक्कयाने आपण होऊनच अर्धी संपत्ती गरिबांना दिली आणि लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. हरवलेल्यांना शोधून वाचवण्यासाठीच आपण आलो आहोत, हे येशूने त्या घरी बोलून दाखवलं.

याच टीकेला उत्तर म्हणून त्याने मेंढरांची गोष्ट सांगितली. शंभर मेंढरं असलेल्या माणसाचं एक हरवतं. तो नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या मागे जातो, सापडलं की खांद्यावर घेऊन येतो आणि शेजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. माझ्यातल्या मॅनेजरला ही गोष्ट मुळीच पटली नाही. एक टक्का तोटा कुठलाही धंदा गृहीत धरतो. नव्व्याण्णवांची रिस्क एकासाठी कोण घेईल? द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्टही तशीच. सकाळी मजूर लावले, एक दिनार रोज ठरला. पुढे तीन-तीन तासांनी आणखी लावले. सूर्य बुडायला तासभर असताना, कुणी कामच दिलं नाही म्हणून नाक्यावर ताटकळलेल्यांनाही आत घेतलं. आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार! सकाळपासून घाम गाळलेल्यांनी तक्रार केली. मीही केली असती. पण दिनार म्हणजे एका दिवसाचं पोट. उशिरा लागलेल्याच्या घरीही मुलं होतीच की. मालकाने तास मोजले नाहीत, चुली मोजल्या.

इथे पहिल्यांदा मला ट्रेनरच्या फळ्यावरचे पाच मुद्दे अपुरे वाटले. आपल्याकडे माणसांना ‘रिसोर्स’ म्हणतात. ध्येय एका बाजूला, आणि ते गाठायला लागणारी माणसं दुसऱ्या बाजूला. सेवा करणारा नेताही शेवटी कशासाठी, तर टीमकडून काम चांगलं व्हावं म्हणून. येशूच्या कामात ही विभागणीच नाही. ती माणसं म्हणजेच काम. हरवलेलं मेंढरू परत आलं, तर मिशन पुरं झालं. ते मेंढरू पुढे किती लोकर देईल हा प्रश्नच नाही.

आणखी एक प्रसंग सांगितलाच पाहिजे, कारण तो झाकून ठेवण्यासारखा असूनही चरित्रकारांनी झाकलेला नाही. आजच्या लेबनॉनमधल्या टायर शहराच्या भागात एक परदेशी बाई आजारी मुलीसाठी त्याच्या पाया पडली. आपण फक्त इस्राएलच्या लोकांसाठी आलो आहोत, मुलांची भाकरी कुत्र्यांना घालणं बरं नाही, असं तो बोलून गेला. बोलणं कठोरच. बाई हटली नाही. मुलांच्या हातून सांडलेला चुरा तर कुत्र्यांनाही मिळतो, असं तिने उलट ऐकवलं. येशूने तिचं म्हणणं मान्य केलं आणि मुलगी बरी झाली. चर्चमधली पंडित मंडळी याचा अर्थ निरनिराळा लावतात. मला दिसतो तो एवढाच: एका परक्या बाईने वादात गप्प केलं आणि नेत्याने ते खुल्या मनाने कबूल केलं. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या बाईबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटावी.

पाय धुणारा गुरू

यरुशलेमच्या वाटेवर असताना याकोब आणि योहान हळूच विचारायला आले: तुमचं राज्य आलं की आम्हाला उजव्या-डाव्या हाताच्या खुर्च्या मिळतील का? बाकीचे दहा भडकले. बहुधा आपण आधी का नाही विचारलं म्हणून! येशूने सगळ्यांना जवळ बोलावलं आणि आपलं म्हणणं उघड मांडलं. जगातले राजे प्रजेवर हुकमत गाजवतात. तुमच्यात तसं चालणार नाही. ज्याला मोठं व्हायचं त्याने सगळ्यांचं दास्य करावं. मी स्वतः सेवा घ्यायला आलेलो नाही. सेवा करायला आणि पुष्कळांसाठी जीव द्यायला आलो आहे.

वल्हांडणाचा सण होता. यरुशलेम यात्रेकरूंनी फुलून गेलं होतं. येशू गाढवावर बसून शहरात आला. विजयी सेनापती घोड्यावर येतात. मंदिराच्या आवारात सराफ बसलेले असत, कारण मंदिराचा कर ठरावीक नाण्यांतच चाले. येशूने त्यांचे चौरंग उलथले. देवाच्या दारातला बाजार त्याला सोसला नाही. मंदिराच्या पुरोहितवर्गाने त्याच वेळी मनाशी पक्कं केलं असणार.

अटकेच्याच रात्रीचं जेवण. त्या काळी धुळीने भरलेले पाय धुणं हे घरातल्या सगळ्यात खालच्या चाकराचं काम. येशू पंगतीतून उठला, कमरेला पंचा गुंडाळला, परातीत पाणी घेतलं आणि एकेकाचे पाय धुऊन पुसू लागला. पेत्राने पाय आखडून घेतले. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला कसंसंच झालं. सेवा करणं सोपं, करवून घेणं अवघड. त्या बारा जणांत यहूदा इस्कर्योतही होता. सगळ्यांचा खजिनदार. तीस चांदीच्या नाण्यांना तो सौदा करून आलेला, आणि येशूला त्याची कल्पना होती. त्याचेही पाय धुतले गेले.

पुढचं झपाट्याने घडलं. रात्री गेथशेमाने बागेत अटक, पहाटेपर्यंत चौकशी, आणि सकाळी रोमन अधिकारी पंतय पिलातापुढे उभा. हा पिलात इ.स. २६ ते ३६ यहूदियाचा कारभार बघत होता; त्याच्या नावाचा कोरीव दगड १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात सापडला. यहुद्यांचा राजा म्हणवतो, हा आरोप. क्रूस ही रोमची शिक्षा, बंडखोरांना आणि गुलामांना द्यायची. इ.स. ३० किंवा ३३ च्या वसंतात ती अमलात आली. क्रूसावरून त्याने आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, असं लूक सांगतो.

त्या संध्याकाळी कुणी परफॉर्मन्स रिव्ह्यू केला असता तर? खजिनदार फितूर. उजव्या हाताने, म्हणजे पेत्राने, अंगणात शेकत बसलेल्या चाकरांपुढे तीनदा ओळख नाकारलेली. बाकीचे पसार. लांब उभ्या राहिलेल्या बायका तेवढ्या टिकल्या. लिहून ठेवलेली एक ओळ मागे नाही. प्रोजेक्ट फेल, असाच शेरा पडला असता.

निखाऱ्यांची शेगडी

तिसऱ्या दिवशी तो उठला, ही ख्रिस्ती माणसाची श्रद्धा. तिच्यावर मी बोलणार नाही. श्रद्धा वादाने सिद्ध होत नाही आणि मोडतही नाही. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीला एक पहाट आहे. पेत्र पुन्हा मासेमारीला गेला आहे. काठावर येशू निखाऱ्यांवर मासे भाजतो आहे, भाकरी ठेवली आहे. या, न्याहारी करा, असं बोलावणं येतं. याआधी असाच निखाऱ्यांचा जाळ पेटला होता तो त्या अंगणात, जिथे पेत्राने ओळख नाकारली. येशू खुलासा मागत नाही, ठपका ठेवत नाही. माझ्यावर तुझं प्रेम आहे का, एवढंच तीनदा विचारतो. जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा हो म्हणायची संधी. आणि प्रत्येक हो नंतर काम सोपवतो: माझी मेंढरं सांभाळ. सक्सेशन प्लॅनिंगचं कुठलंही पुस्तक नापास झालेल्या माणसाला वारस नेमायला सांगणार नाही. पण हरवलेल्या मेंढराचं दुःख पेत्राएवढं आता कुणाला कळणार होतं?

त्यानंतर यरुशलेमात जमलेली माणसं साधारण १२०, अशी प्रेषितांच्या कृत्यांत नोंद आहे. आज जगात दोनशे कोटींहून जास्त ख्रिस्ती आहेत. पण या वाढीत सगळंच त्याच्या मनासारखं झालं असेल असं वाटत नाही. रानात जी राज्यं त्याने नाकारली ती त्याच्या नावाने पुष्कळांनी घेतली. आपल्या गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडून, इन्क्विझिशन चाललं. मात्र त्याच गोव्यात १५७९ साली फादर स्टीफन्स हा इंग्रज आला, लोकांची भाषा शिकला आणि दहा हजारांहून जास्त ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ त्याने मराठीत रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. पुढे नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. हुकमत आणि सेवा, दोन्ही वाटा एकाच नावाने निघतात. कुठली त्याची, हे पाय कोण धुतंय त्यावरून ओळखावं.

आणि तो कागद

२००९ साली तसाच एक कागद माझ्या टेबलावर पुन्हा आला. या वेळी तक्ता करण्याआधी मी प्रत्येकाशी बोललो. कुणाची बायको बाळंत व्हायची होती, कुणाचा व्हिसा टांगणीला होता, कुणाला दुसरीकडे नोकरी मिळतच होती आणि तो स्वतःहून निघायला तयार होता. ते सगळं घेऊन मी वरच्या साहेबांकडे दोनदा गेलो. सहातली दोन नावं वाचली. चार वाचली नाहीत. त्या चौघांना मी स्वतः, समोर बसून सांगितलं. फार मोठं काही केलं असं नाही. पण दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसलो नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी पुण्याला गेलो, तेव्हा २००१ च्या त्या मुलाचा फोन नंबर मिळवला. मुलगा कसला, आता चांगला चाळिशीला आलेला गृहस्थ. घरी बोलावलं त्याने. मला जे बोलायचं होतं ते मी अडखळत बोललो. त्याने ऐकून घेतलं, मग आत जाऊन बायकोला चहा टाकायला सांगितलं, आणि बाहेर येऊन म्हणाला की जेवूनच जा. मी जेवून गेलो.